जुन्या जीपचे विजेचे दुखणे

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



बेणे निवड, खोडवा व्यवस्थापन, हुमणी, माती परीक्षण असे विषय घेऊन आम्ही या पानावर आजवर आपल्या भेटीला आलो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. ऊस विकास खात्याकडे जी जुनी डिझेल जीप आहे, तिच्या विजेच्या दुखण्याची हकिकत सांगावयाची आहे. ऊस अधिकाऱ्याला मोटारीच्या वायरिंगचे काय घेणे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे जा, कळमनुरीकडे जा, नाही तर औंढ्याकडे जा, पंधरा-वीस वर्षे चाललेली जीप किंवा ट्रॅक्टर प्रत्येक गावात आहे. हंगामात हीच वाहने रात्री-बेरात्री रस्त्यावर असतात. त्यांच्या विजेचा दोष ओळखता आला नाही तर पैसा जातो, आणि प्रसंगी माणूसही जातो. आमच्या हातून पैसा गेला. माणूस थोडक्यात वाचला. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुखण्याची लक्षणे

मागील हंगामाच्या आधी, ऊस नोंदीच्या धावपळीत दुखणे सुरू झाले. पहिली तक्रार सेल्फची. सकाळी चावी फिरवली की सेल्फ कण्हल्यासारखा आवाज करी आणि थांबे. उतारावर लावून ढकलली की जीप निमूट सुरू होई.

दुसरी तक्रार काट्याची. संध्याकाळी हेडलाइट लावले की इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरके. आमचे चालक घाबरून म्हणाले, "साहेब, इंजिन तापायलंय." उतरून पाहिले तर वाफ नाही, पाणी जागेवर, पंखाही नीट फिरतोय. दिवे विझवले की काटा आपोआप खाली! दिवा लावल्याने इंजिन कसे तापेल?

तिसरी तक्रार तर भुताटकीचीच. दिवसाउजेडी, सर्व दिवे बंद असताना, ब्रेक दाबला की मीटरमधला बारीक दिवा मिणमिणू लागे. ब्रेक सोडला की विझे.

चौथी तक्रार चालकांनी सांगितली आणि आम्ही हसण्यावारी नेली. "इंजिन बंद करायचं स्टॉपचं बटन आहे ना साहेब, ते चटका द्यायलंय." आम्ही म्हणालो, इंजिनजवळची वस्तू आहे, गरम व्हायचीच. चालकांनी दुसऱ्या दिवशी बंपरला लिंबू-मिरची बांधली. त्यांचा काय दोष? आमच्याजवळ तरी दुसरे कोणते उत्तर होते?

आम्ही काय केले

गाडी गॅरेजला नेली. सेल्फ फिरत नाही म्हणून बॅटरी नवी घातली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग चार्जिंग होत नसेल म्हणून अल्टरनेटर बदलला. काटा चढतो म्हणून इंजिनवरचा तापमानाचा सेन्सर बदलला. एकूण १४ हजारांच्या आसपास खर्च झाला आणि चारही तक्रारी जागच्या जागी राहिल्या.

हा पैसा आकाशातून पडलेला नव्हता. सभासदांच्या उसातूनच आलेला होता. त्याची टोचणी आम्हांला आजही आहे, म्हणून हे लपवून न ठेवता येथे लिहीत आहोत.

शेतकऱ्याच्या प्लॉटवर गेल्यावर आम्ही काय सांगतो? ऊस पिवळा दिसला की लगेच युरियाचे पोते फोडू नका. आधी पाहा, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. जुन्या पानांवर असेल तर नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता. आणि बेटच हाताने उपटून येत असेल तर खाली हुमणी मुळ्या खात आहे. लक्षण पानावर दिसते, पण रोग मुळाशी असू शकतो. हे ज्ञान आम्ही वीस वर्षे इतरांना देत आलो, आणि आपल्याच जीपला मात्र डोळे मिटून युरिया टाकत बसलो.

ती रात्र

पौष महिना होता. तोडणीचा कार्यक्रम पाहून आम्ही कुरुंद्याकडून वसमतकडे येत होतो. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. हेडलाइटचा उजेड कंदिलासारखा पिवळा पडला होता. एका वळणावर चालकांनी एकदम ब्रेक मारला. समोर, रस्त्याच्या कडेला, उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही. उसाची वाढी आमच्या बॉनेटला लागली तेव्हा जीप थांबली. ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी जॅक लावून एक जण बसला होता. त्याच्या आणि आमच्या बंपरमध्ये चार हात अंतर राहिले असेल.

खाली उतरल्यावर आम्ही त्या ट्रॅक्टरवाल्या सभासदावर फार रागावलो. बोलू नये ते बोललो. तो बिचारा एकच सांगत होता, "साहेब, देवाशपथ सांगतो, आत्ता चालू होता दिवा. थांबलो अन् बंद पडला." आम्ही त्याला खोटे ठरवले. तो खोटे बोलत नव्हता, हे आम्हांला पुढच्या आठवड्यात कळले.

चाचांचे निदान

वसमतला एक वयस्कर मिस्त्री आहेत. सारी उमेद ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या वायरिंगमध्ये गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. जीप त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी हत्यार हाती घेतले नाही. आधी चालकांना बसवून विचारले, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं कोणतं काम केलं होतं?"

चालक आठवून म्हणाले, "इंजिनचे माउंटिंग रबर बदलले होते."

"अन् स्टॉपचं बटन गरम लागतं?"

आम्ही चमकलो. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

चाचांनी जाड जंपर केबल घेतली. एक चिमटा इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरा बॅटरीच्या ऋण टोकावर. "मारा सेल्फ." जीप एका झटक्यात सुरू झाली. हेडलाइट लावले. लख्ख उजेड, आणि काटा जागचा हलला नाही. केबल काढून इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला, तर तेच जुने कण्हणे.

मग त्यांनी खाली वाकून दाखवले. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची वेणीसारखी पट्टी असते, ती एका टोकाला तुटून लोंबत होती. रबर बदलताना ती जुनी पट्टी ओढली गेली असावी. कोणाच्या लक्षात आले नाही.

"साहेब," चाचा म्हणाले, "करंट गेला की परत यायला पण वाट लागते. तुम्ही वाट बंद केली, मग तो भिंतीवरून उड्या मारणारच."

करंटची परतीची वाट

येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या सभासदांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शेतात पाणी येण्यास पाट लागतो, तसा जास्तीचे पाणी जाण्यास चर लागतो. चर बुजला तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हळदीत शिरते. हळदवाला आपल्या शेतात कितीही दोष शोधो, दोष आपल्या बुजलेल्या चरात असतो.

मोटारीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर असते, पण परत येणारी वायर बहुतेक ठिकाणी नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. यालाच आपण बॉडी अर्थ म्हणतो. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. इंजिन मात्र रबरावर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ती तांब्याची पट्टी. ती तुटली तेव्हा सेल्फचा करंट परतण्यास इंजिनला बॉडीशी जोडणारी एकच धातूची वस्तू उरली. ती म्हणजे स्टॉपची बारीक केबल! सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. ते त्या तारेतून जाऊ लागले, म्हणून बटनाला चटका बसे. केबलचे प्लॅस्टिक एके ठिकाणी वितळलेलेही निघाले. आणखी काही दिवस गेले असते तर तेथूनच आग लागली असती.

काट्याचेही कोडे सुटले. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला. दिव्यांचा करंट बॉडीतून इंजिनकडे परतावयाचा, पण वाट अरुंद. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यात व्होल्टचा फरक पडे. सेन्सर इंजिनवर, मीटर बॉडीवर, म्हणून काटा तो फरकही तापमान म्हणून दाखवी. बॅटरी, अल्टरनेटर, सेन्सर तिन्ही जुने सामान निर्दोष होते.

नवी पट्टी, दोन बोल्ट आणि घासावयाचा पॉलिश पेपर मिळून तीनशे रुपयांच्या आत काम झाले.

ब्रेक दाबल्यावर मिणमिणणारा दिवा

मागच्या दिव्याच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक २१ वॅटची ब्रेकसाठी, दुसरी ५ वॅटची टेलसाठी. दोन्हींचे परतीचे टोक एकच, ते होल्डरमधून बॉडीला मिळते. होल्डरचा बोल्ट गंजला की ती वाट बंद. मग ब्रेकचा करंट ५ वॅटच्या तारेतून उलटा चढतो, टेल लाइटच्या वायरने मागे येतो आणि मीटरच्या दिव्यातून बॉडीला मिळतो. म्हणून ब्रेक दाबला की मीटर मिणमिणतो, आणि खुद्द ब्रेकचा दिवा धड पेटत नाही. मागून येणाऱ्याला आपण थांबलो हे कळत नाही. इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा उघडझाप करीत असेल, तर तेथेही हाच प्रकार समजावा. होल्डरचा गंज घासून काढला आणि आमच्या जीपचे भूत उतरले.

एक खूण लक्षात ठेवा. एक बटन दाबले असता भलताच दिवा पेटला किंवा भलताच काटा हलला, तर सामान बदलण्याआधी अर्थिंग पाहावे.

मोजून पाहण्याची रीत

साधा मल्टिमीटर घरी असणे चांगले. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवून पुढीलप्रमाणे पाहावे.

१) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

२) इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवे. वाढत नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर पाहावा.

३) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, स्टॉप ओढून धरलेला, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक तार इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर. आता दुसऱ्याने सेल्फ मारावा, पाच-सात सेकंदांहून जास्त नको. मीटरवर ०.३ व्होल्टपर्यंत आले तर परतीची वाट ठीक. आमच्या जीपमध्ये ४ च्या वर आले होते.

४) तसेच धन टोक आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

५) दिवा पेटलेला ठेवून होल्डरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये ०.२ पेक्षा जास्त आले, तर होल्डरचे अर्थिंग खराब.

हे सर्व सेल्फ फिरत असताना किंवा दिवा पेटलेला असतानाच मोजावयाचे, याचे कारण आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम शाळेत आपण शिकलो आहोत. अडथळा गुणिले करंट म्हणजे व्होल्टची तूट. समजा गंजलेल्या जोडाचा अडथळा ०.०२ ओहम आहे. ५ वॅटच्या बल्बला ०.४ अँपिअर लागतो. तूट ०.००८ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. पण सेल्फला २०० अँपिअर लागले की त्याच जोडात ४ व्होल्ट गडप! म्हणून बारीक बल्ब लावून "इथं तर करंट येतोय" म्हणणारा मिस्त्री खोटे बोलत नसतो, पण दोषही सापडत नाही. बैल गोठ्यात उभा असताना लंगडतो की नाही हे कळत नाही, गाडीला जुंपल्यावर कळते.

रात्रीतून उतरणारी बॅटरी

सर्व बंद असताना बॅटरी उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे. ऋण टोकाची केबल काढून केबल आणि टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर जोडावा. जुन्या गाडीत ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त नको. अर्धा अँपिअर गळत असेल तर ८० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याच्या आत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल त्या लाइनमध्ये चोर आहे. सर्व फ्यूज काढूनही गळती राहिली तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी, आतील डायोड गेलेला असू शकतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

मागाहून जोडलेले टेप, मोबाइलचे सॉकेट, जादा हॉर्न यांवर पहिला संशय घ्यावा. दुसरा संशय उंदरांवर. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची वायरिंग त्यांनी कुरतडली नाही असे क्वचितच घडते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. पाचटात उभ्या असलेल्या वाहनाखाली ठिणगी पडली तर फडही जाईल आणि वाहनही.

फार जुन्या आणि अगदी नव्या गाड्यांविषयी

हौसेने जुनी मोटार बाळगणारे काही सभासद आहेत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली, तरी कोठे कोठे अशी गाडी अजून जपलेली दिसते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या मोटारींत आणि ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. महायुद्धाच्या काळातील जीप तर ६ व्होल्टची. म्हणून बॅटरी किंवा अल्टरनेटर जोडण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणते टोक बॉडीला आहे हे पाहिल्याखेरीज हात लावू नये. उलट जोडणीने अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

नव्या गाड्यांत संगणक असतात. त्यांच्या वायरिंगमध्ये बल्बचा टेस्टर खुपसू नये, मीटरच वापरावा, आणि एअरबॅगच्या वायरींना तर हातच लावू नये.

कोणत्याही गाडीचे काम करताना, ऋण टोक बॉडीला असेल तर ते आधी काढावे आणि शेवटी जोडावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

ट्रॉलीच्या दिव्याची विनंती

आता त्या रात्रीच्या ट्रॉलीकडे वळू. चाचांना आम्ही तो प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "तो पोरगा खरं बोलला." बऱ्याच ट्रॉल्यांना दिव्याची एकच वायर नेलेली असते. परतीची वाट हुकाच्या पिनेतून. ट्रॅक्टर ओढत असतो तोवर पिन ताणलेली, लोखंडाला लोखंड घट्ट, दिवा पेटतो. ट्रॅक्टर थांबला, पिन सैल झाली, मध्ये ग्रीस आणि गंज आला की दिवा गेला. म्हणजे ट्रॉली अंधारात उभी राहते आणि दिव्याची खरी गरज असते, नेमका त्याच वेळी दिवा दगा देतो. ट्रॅक्टरवाल्याला ते कळतही नाही, कारण तो पुढे बसलेला असतो.

आम्ही त्या सभासदाच्या घरी जाऊन झाल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, माफीचं जाऊ द्या, ती वायर कशी जोडायची तेवढं सांगा." तेच सर्वांना सांगतो.

ट्रॅक्टरच्या सांगाड्यापासून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर न्यावी. सात पिनांचा सॉकेट असेल तर त्यातील एक पिन अर्थिंगसाठीच असते, ती रिकामी ठेवू नये. दोन्ही टोकांना रंग आणि गंज घासून, लग लावून बोल्ट आवळावा, वरून थोडे ग्रीस लावावे. मग ट्रॅक्टर उभा करून, हूक सैल असताना, मागे जाऊन दिवा पाहावा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना वायर न्यावी. दिवा बंद पडला तरी उपयोगी पडावेत म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. बैलगाडीला तर दिवाच नसतो, तिला ते अवश्य लावावेत.

एवढ्या कामाला अर्धा दिवस पुरतो. येत्या हंगामात पहिली खेप काट्यावर येण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे. ज्यांना जमत नसेल त्यांनी गट कार्यालयात सांगावे, आम्ही स्वतः येऊन वायर जोडून देऊ. आमच्या जीपमध्ये आता बेण्याच्या नमुन्यांशेजारी एक मल्टिमीटर आणि दहा मीटर वायरचे भेंडोळे कायम असते.

लिंबू-मिरची मात्र चालकांनी अजून काढलेली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.